लाल पडलेली सुरमई

मी चौथीपर्यंत शिकलो. पण मासा खारवण्यात सातपाटीत माझा हात धरणारा कोणी नाही, हे आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

पावसाळी दमट हवेत खारवलेल्या सुरमईवर कधीकधी तांबडा थर धरतो. मासा लाल पडला, म्हणतात. मी ती लाली नारळाच्या शेंडीने घासायचो, खाऱ्या पाण्यात धुवायचो, उन्हात टाकायचो. लाली गेली की मासा चांगला. बायको असा मासा माडाच्या बुंध्याशी पुरायची. लग्न झाल्यापासून हेच भांडण.

नात बोईसरला प्रयोगशाळेत आहे. तिने माझ्याच पिंपातली लाली खरवडून नेली. म्हणाली, हे जंतू आहेत. माझ्या पिंपात जंतू! दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही.

लाल रंग करणारा जीन तिला त्या जंतूतून काढायचा होता. रंगाशिवायही जंतू मासा नासवतो का, ते बघायचं होतं. त्यासाठी जंतूच्या आत डीएनएचा एक धागा सोडतात. दोन्ही टोकं त्याच्याच धाग्यासारखी, मधला रंगाचा तुकडा गाळलेला. जंतूने आपला जुना भाग टाकून हा बसवून घ्यायचा. पण हा हट्टी. परका धागा आला की कापूनच टाकायचा. महिने गेले, पोरगी सुकली.

"खूण नाय घातली?" मी विचारलं. "परक्याचं जाळं आमच्या जाळ्यात गुंतलं तर आमी कापतो. जाळ्याच्या तरंगत्या बोयावर भावकीची खूण दिसली तर गाठी सोडवत बसतो."

"तेच करतेय, आजा," ती हसली. धागा आधी दुसऱ्या एका गरीब जंतूत ठेवायचा, तिथे त्याला या हट्टी जंतूच्या घरची खूण लावून घ्यायची, मग आत सोडायचा.

जमलं. तिने फोनवर फोटो दाखवला. बशीत पांढरे ठिपके. मग तिने ते खाऱ्या सुरमईच्या तुकड्यांवर सोडले आणि काही आठवड्यांनी घरी आली.

"पांढऱ्यानेपण नासला, आजा. तसाच मऊ, तसाच वास. लाली नुसता रंग हाय."

बायको बोंबील निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हंजे एवढी वर्सं तुमी रंगच धुवत होते."

"तिथलं मीठ वेगळं असंल," मी म्हटलं.

"मीठ तुमच्याच पिंपातलं होतं," नात म्हणाली.

या पावसाळ्यात दोन सुरमया लाल पडल्या. मी शेंडी घेतली नाही, कुदळ घेतली. बायको ओटीवरून बघत होती.

"खोल पुरा, कुत्री उकरतात."

"मला ठावं हाय," मी म्हटलं.