हळदीच्या रानातले सुती शर्ट

कापडाचं टोक तोंडाजवळ धरायचं, पलीकडून तळहात लावायचा आणि गाल फुगवून फुंकर मारायची. तळहाताला वारा लागला तर कापड पास. नाही लागला तर तागा माझ्याकडे ढकलून ती म्हणायची, "भाऊ, हे पिशवीचं कापड हाय. माणसाचं दाखवा."

जवळा बाजार या गावात आमचं कापडाचं दुकान वडिलांपासूनचं. गिऱ्हाइकं कापड चुरगाळतात, उजेडात नेतात, काही तर वासही घेतात, हे तुम्ही पाहिलं असेल, कदाचित केलंही असेल. पण फुंकणारं गिऱ्हाईक हे एकच. आणि ती फुंकणार बाजाराच्या दिवशी, भर गर्दीत. तिनं फुंकलं की शेजारच्या बायकाही हातातल्या साडीकडे संशयानं बघायला लागत. माझी बायको तिला लांबून पाहिलं की म्हणायची, "आली तुमची तपासणी."

गावाबाहेरच्या लमाण तांड्यावरच्या बायका तिला याडी म्हणत, म्हणजे आई. मीही तेच म्हणायचो. साठीच्या आसपासची, काटक बाई. आवाज एवढा की ती दुकानात बोलली तर समोरच्या हॉटेलात चहा पिणारे मान वळवत. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याखालच्या रानांत हळद काढायला ती बायकांची टोळी घेऊन जायची. ही काढणी नेमकी ऊन तापायला लागलं की सुरू होते. दिवसभर वाकून मातीतून गड्डे वेचायचे आणि पलीकडे हळद शिजवायची भट्टी पेटलेली. बायका साडीवरून नवऱ्याचा जुना शर्ट चढवतात. साडी पॉलिस्टरची, शर्ट टेरिकॉटचा. आमच्याकडे रानोमाळ कापूस पिकतो, पण अंगावर सुती घातलं म्हणजे गरिबी आली नाहीतर म्हातारपण, असं सगळे धरून चालतात.

याडीही आधी तसंच धरून चालायची. मग एका काढणीत तिची धाकटी जाऊ तिच्या शेजारीच पडली. अंग चटका बसेल असं तापलेलं, बोलणं भलतंच. अंगावर रानाच्या मालकानं आदल्या वर्षी दिलेली साडी होती. तशी रीतच आहे, हळद घरात पडली की मालक टोळीतल्या प्रत्येक बाईला साडी देतो, चकचकीत, मोठ्या फुलांची. जावेनं ती हौसेनं नेसली होती. पाणी मारायला म्हणून बायका ती सोडायला गेल्या तर घामानं अंगाला चिकटलेली. मालकाच्याच जीपमधून तिला नेलं, पण दवाखाना यायच्या आत ती गेली. साडी याडीच्या हातात राहिली.

मी एकदा न राहवून म्हणालो, "याडी, ती उन्हानं गेली. साडीनं न्हाई."

"ऊन तर मला बी व्हतं," ती म्हणाली. "माज्या अंगावर जुनं सुती लुगडं व्हतं. मी हाय न्हवं का हितं तुमच्याम्होरं?"

हा काही पुरावा नव्हे, हे मला कळत होतं. पण मी तिच्यापुढे दुसरा तागा उघडला.

तेव्हापासून तिची ही फुंकर सुरू झाली. एकदा मी गंमत म्हणून तिच्यापुढे पातळ जॉर्जेट ठेवलं. सगळं पॉलिस्टर, पण वीण इतकी विरळ की फुंकर आरपार गेली. ती खूश झाली. मग मी खरं सांगितलं. ती रागावली नाही, विचारात पडली. पुढच्या बाजारी आली ती नवी परीक्षा घेऊन. जिभेला बोट लावायचं आणि कापडावर टेकवायचं. "थेंब पिला पायजे कापडानं. वरच्या वर राहिला तर घाम बी वरच राहील." म्हणजे आता फुंकर आणि थुंकी दोन्ही. माझ्या बायकोनं त्या दिवशी जेवताना माझ्याशी बोलणं टाकलं.

चुकायची ती बिनधास्त. पहिल्या वर्षी तिनं टोळीच्या शर्टांसाठी हट्टानं मांजरपाट घेतलं, जाडजूड, कोरं. मी म्हणालो, आधी भिजवून वाळव, मग शिवायला टाक. "नव्या कापडाला पाणी दाखवायचं? लोक हसतील," म्हणत तिनं तसेच शर्ट शिवून घेतले. पहिल्या धुण्यात बाह्या कोपरापर्यंत वर गेल्या. टोळीतल्या बायका पोट धरून हसल्या. शिवाय ते कापड घाम पिऊन एवढं जड व्हायचं की वाळता वाळेना. बाकीच्यांनी ते शर्ट टाकून दिले. हिनं जुन्या धोतराच्या पट्ट्या बाह्यांना जोडल्या आणि अख्खी काढणी तोच शर्ट घातला. मी चिडवलं तर म्हणाली, "चुकलं तर चुकलं. फेकून काहून देऊ?"

मग आम्ही दोघांनी मिळून शोध चालवला. मलमल गार, पण हळदीच्या रानात दोन दिवसात चिंध्या. पॉपलीन टिकाऊ, पण वीण घट्ट. शेवटी ती केंब्रिकवर थांबली. मलमलीपेक्षा दणकट, पॉपलीनपेक्षा मोकळं. तेही ढगळ शिवायचं, म्हणजे आत वारा खेळतो. बायकांची शेवटची तक्रार अशी की सुतीवर बसलेला हळदीचा डाग जन्मात निघत नाही.

"तर मंग पिवळं घाला," ती म्हणाली. "नवरीला लावतेत तवा लाजता का?"

पुढच्या माघात मालक नेहमीप्रमाणे टोळीच्या साड्या सांगायला दुकानात आला. माणूस वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगतो. याडी गादीवर केंब्रिक उलगडून बसली होती.

"मालक, औंदा साडी नको," ती म्हणाली. "शर्ट द्या. सुती, ढिले, पुऱ्या बाह्यांचे. आन् काढणीच्या आधी द्या."

मालक हसला. "आगं, काम झाल्यावर खुशीनं देतो मी. ही काय मागायची चीज हाय?"

"खुशीचं नकोच आमाला. खुरपं काय काम झाल्यावर देता का?"

मालकाचं हसू गेलं. "आजपतोर कुनी मागितलं न्हाई."

"जिनं मागाया पायजे व्हतं ती गेली. आता मी मागून राहिले."

"टोळ्या लई हायेत," म्हणत तो उठला. म्हातारीनं माझं हंगामाचं गिऱ्हाईक घालवलं, म्हणून मी मनातल्या मनात चरफडलो.

मालकानं सेनगावकडची टोळी आणली. पहिल्याच दिवशी भर दुपारी याडी त्यांच्या बांधावर जाऊन बसली. भांडली नाही. जावेची साडी तिनं त्या बायकांच्या हातात दिली. म्हणाली, "नव्यासारखी हाय. कुनीबी नेसा आन् जरा येळ काम करा." मग ती साडी कुणाच्या अंगावरची, ते सांगितलं. सेनगावच्या बायका दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. हळद तर रानात किती दिवस ठेवणार?

मालक माझ्याकडे आला तो तोंड पाडून. तरी त्यानं सुतीसारखं दिसणारं मिश्र कापड निवडलंच. याडीनं बोट ओलं केलं, टेकवलं. थेंब मण्यासारखा वर उभा राहिला. तिनं गठ्ठा परत केला. मालक मला म्हणाला, "दे बाबा, तिला काय पायजे ते दे."

त्या उन्हाळ्यात तिच्या टोळीतलं कुणी पडलं नाही. शर्टांमुळे, की ती सगळ्यांना हाकलून हाकलून सावलीत बसवायची, पाणी पाजायची त्यामुळे, देव जाणे. शर्टांवर शंका घ्यायची मात्र कुणाची छाती नव्हती. पुढची काही वर्षं काढणीच्या आधी शर्ट हीच रीत झाली, आणि मालकही ती आपलीच असल्यासारखा पाव्हण्यांना सांगायचा.

या हिवाळ्याच्या सुरुवातीला याडी गेली. साध्या तापानं, तांड्यावर, स्वतःच्या बाजेवर. मला उशिरा कळलं. तिच्याइतका त्रास मला कुठल्याच गिऱ्हाइकानं दिला नाही, आणि तिच्याइतकी वाटही मी कुणाची पाहिली नाही. अजूनही बाजाराच्या दिवशी मला करमत नाही.

यंदा माघात मालक आला. चहा घेतला. "बरी व्हती बिचारी," म्हणाला. कप खाली ठेवता ठेवता पुढे म्हणाला, "आता मागणारं कुनी न्हाई. पयल्यासारख्या साड्याच काढा. काढणी झाल्यावर न्हेतो."

"साड्या न्हाईत," मी म्हणालो.

माझ्या पाठीमागच्या फळ्या खालपासून छतापर्यंत साड्यांनी भरलेल्या होत्या. त्यानं त्या नीट पाहून घेतल्या.

"ह्या काय हायेत मंग?"

"तुमच्या टोळीसाठी न्हाईत."

बाजारात आणखी दुकानं आहेत, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. असं गिऱ्हाइकाशी बोलायची आमच्या घराण्याला सवय नाही. मी केंब्रिकचा तागा काढला, त्याच्या पुढ्यात गादीवर टाकला आणि म्हणालो, "काढणीच्या आधी शिवून मिळतील. किती बाया हायेत औंदा?"