चाकातली पेज

बसा, चहा उकळेस्तोवर तुम्हाला माझ्या शहाणपणाची एक गोष्ट सांगतो. हसायचं तर खुशाल हसा, पण माझ्या बायकोसमोर हा विषय काढू नका. तांदूळ तिचे होते.

पन्नास सालानंतरची गोष्ट. चांदा जिल्हा तेव्हा एकच होता आणि मी अहेरीला एका लाकूड ठेकेदाराच्या जीपवर ड्रायव्हर होतो. जीप लढाईतली, जुनी. इंजिन बिचारं गुणी, पण टायरांचं काही खरं नव्हतं. बांबू तोडला की जमिनीत तिरपा खुंट राहतो, चांगला भाल्यासारखा. दिवसाला दोन पंक्चर ठरलेली. आणि मग हातपंपानं हवा भरा. रात्री घास तोंडाशी न्यायलाही हात उचलायचा नाही माझा.

एक दिवस शेठनं बोलावलं. "जंगलखात्याच्या साहेबाले भामरागडले न्याचं हाय. एकही पंक्चर न होता नेलं, तं नवा ट्रक तुह्या हाती."

ट्रक! तुम्हाला आज त्याचं काय वाटणार? तेव्हा ट्रकचा ड्रायव्हर म्हणजे वाटेवरच्या सगळ्या गावांचा जावई.

मी चांद्याला धावलो. तिथल्या मिस्त्रीनं ट्यूबमध्ये घालायचं एक घट्ट औषध दिलं. काटा घुसला की हे औषध भोकात जाऊन बसतं आणि हवा आतच राहते. त्यानं दोन गोष्टी बजावल्या. औषध घातल्यावर गाडी कोसभर फिरव, म्हणजे ते सगळीकडे पसरेल. आणि हवा भरताना-सोडताना व्हॉल्व्ह वरच्या अंगाला ठेव, नाहीतर हवेऐवजी औषधच बाहेर येईल.

"समजलं का?"

"पाच वर्सं झाले गाडी चालवून राह्यलो," मी म्हणालो. "मले काय शिकवता?"

घरी येऊन पाहतो तर तीन चाकांतच डबा संपला. आता चौथ्यासाठी परत चांद्याला कोण जाणार? औषध बोटावर घेऊन पाहिलं. पांढरं, चिकट. म्हटलं, ही तर आपली पेजच. बायको माहेरी होती. तिचे तांदूळ काढले, दाट पेज शिजवली, धावड्याचा डिंक विरघळवला आणि तेलाच्या पिचकारीनं चौथ्या ट्यूबमध्ये सोडली. दिवस वैशाखाचे.

आणि काय चमत्कार सांगू! बाकीच्या चाकांना दोन दिवसांनी पंप मारावा लागे. हे चौथं मात्र पंप न लावता रोज जास्तच टणक होत गेलं. शेजारच्या लहानूभाऊ गाडीवानानं अंगठ्यानं दाबून पाहिलं.

"अबे, हे तं फुगूनच राह्यलं. काऊन?"

"धावड्याचा गुण होय, भाऊ."

मी गावभर हेच सांगत सुटलो. इतका भरवसा बसला, की साहेबांच्या वळकटीला जागा व्हावी म्हणून स्टेपनी काढून घरी ठेवली.

साहेब म्हणजे कडक इस्त्रीचा माणूस. दारूचं नाव निघालं तरी आंघोळ करतील असे. वाट दाखवायला लहानूभाऊ मागं बसला होता. पर्लकोटा नदीपर्यंत एकही पंक्चर नाही. मनातल्या मनात मी ट्रकला हार घालून मोकळा झालो.

नदीच्या पात्रात वाळू. चाकं रुतू नयेत म्हणून टायरमधली थोडी हवा सोडावी लागते. तीन चाकांचे व्हॉल्व्ह नशिबानं वर होते. चौथ्याचा नेमका खाली. गाडी हातभर पुढं घेतली असती तर काम झालं असतं. पण साहेबांदेखत पुन्हा चढा, पुन्हा उतरा, बरं दिसेना.

साहेब वाकून बघत म्हणाले, "हे चाक फारच फुगलंय."

"हे माह्या हातचं होय, साहेब," मी म्हणालो आणि व्हॉल्व्हची पिन काढली.

टोपीपासून पट्ट्यापर्यंत साहेब पेजेनं न्हाले. आंबट, झणझणीत वास सुटला. साहेबांनी चष्मा काढला आणि अगदी शांतपणे विचारलं, "चाकात दारू भरून नेतोस?"

"नाई साहेब, पेज होय."

साहेबांनी लहानूभाऊकडे पाहिलं. तो बिचारा जन्माचा खरं बोलणारा. "साहेब, खोटं काऊन बोलू? वास तं दारूवानीच येऊन राह्यला."

"पिऊन दाखव," साहेब मला म्हणाले.

काय करता? चाकाखाली ओंजळ धरली आणि प्यालो. निम्मं रबरच पोटात गेलं असेल.

"आंबील झाली, साहेब," मी म्हणालो. "मीठ तेवढं नाई."

साहेब हसले नाहीत. पंप लावला तर हवा जाईना. डिंकानं व्हॉल्व्ह गच्च बसला होता. माझ्या औषधानं बुजवलेलं तेवढं एकच भोक. स्टेपनी अहेरीला. शेवटी साहेब हातात बूट घेऊन भर दुपारी वाळूतून भामरागडला चालत गेले. त्यांच्या टोपीला चिकटलेली शितं बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परत आल्यावर शेठसमोर उभा राहिलो. सगळी हकीकत माझ्याआधी पोचली होती. तरी धीर करून म्हटलं, "शेठ, पंक्चर तं एकही नाई झालं."

शेठनं हिशेबाची वही मिटली. मग म्हणाले, "खरं हाय. उद्या सकाळी ट्रकवर ये."

रात्रभर झोप नाही. सकाळी दाढी करून, धुतलेला सदरा घालून गेलो. स्टिअरिंगवर दुसराच माणूस बसलेला.

"बांबूच्या तोडीवर मजूर हायेत, त्याहीच्यासाठी पेज शिजवाले माणूस पायजे," शेठ म्हणाले. "साहेबानं तुहंच नाव सांगतलं."

चढलो मग ट्रकमध्ये. मागच्या फळीवरून, दोन हंडे घेऊन.