‘निरोगी’ लिहिलेली नळी

पन्नाशीनंतर अण्णा, म्हणजे माझे वडील, अधूनमधून एकच चप्पल घालून घरी यायचे. दुसरी कुठे गळून पडली, ते त्यांना कळायचंच नाही. “अण्णा, एक पाय आला, दुसरा मागून येतोय का?” असं मी विचारायचो आणि सगळं घर खो खो हसायचं. अण्णाही हसायचे. मग त्यांच्या हातून पेले निसटू लागले, तळपायांची आग होऊ लागली. डॉक्टर शुगरवर बोट ठेवून मोकळे झाले. शेवटी हृदय थकलं आणि ते गेले. ते हसणं आठवलं की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मी व्हाइटफील्डजवळच्या एका प्रयोगशाळेत प्रथिनांवर काम करतो. गेली सहा वर्षं माझ्या वाट्याला एकच प्रथिन आलंय. ते यकृतात तयार होतं आणि थायरॉइडचं संप्रेरक रक्तातून वाहून नेतं. चार सारखे तुकडे एकमेकांना बिलगून बसतात आणि मधल्या फटीत माल ठेवतात, साधी हमाली. पण काही घराण्यांत त्याच्या साखळीतला एक मणी बदललेला असतो. मग चौघांची पकड सैल होते. एखादा सुटतो, उलगडतो आणि आपल्यासारख्याच सुटलेल्यांना चिकटत जातो. त्यांचे धागे होतात. ते शरीराला सहजासहजी मोडता येत नाहीत, वर्षानुवर्षं नसांत आणि हृदयात साचत राहतात. संगणकाच्या पडद्यावर मी ते चित्र रोज गोल फिरवून बघायचो. दिसायला देखणं आहे. अण्णांची आठवण मला तेव्हा एकदाही झाली नाही. एवढा शिकलेला मी, आणि दिव्याखाली अंधार!

आमची चाचणी सोपी आहे. रुग्णाच्या रक्तातलं हे प्रथिन वेगळं करायचं आणि किंचित आंबट द्रावणात, अंगाइतक्या उबेला, तीन दिवस ठेवायचं. पकड घट्ट असेल तर नळी स्वच्छ राहते, सैल असेल तर गढुळते. तुलनेला निरोगी माणसाचं रक्त लागतं. त्यासाठी बाहेर कोण शोधत बसणार? आमच्यातलाच एकजण बाही वर करतो आणि नळीवर ‘निरोगी’ असं लिहिलं की झालं. त्या आठवड्यात माझा नंबर होता. “तुमच्या अंगात रक्त कुठलं, नुसती फिल्टर कॉफी,” असं म्हणत सहकारी बाईंनी सुई टोचली.

तिसऱ्या दिवशी दुपारी डबा खाऊन आलो आणि उबेचं कपाट उघडलं. रुग्णाची नळी गढूळ होती, ते अपेक्षितच होतं. पण शेजारची ‘निरोगी’ नळीही तांदळाच्या धुवणासारखी पांढुरकी झाली होती. मी बाईंवर खेकसलो की नळ्यांची अदलाबदल केलीत. त्या पुन्हा सुई घेऊन आल्या.

या वेळी सगळं मी स्वतः केलं. तीन दिवस त्या कपाटाची घरघर मला जेवतानाही ऐकू येत होती. तिसऱ्या दिवशी नळी उन्हात धरली. आत पांढरे कण संथपणे वर-खाली फिरत होते, कुणी ढवळत नसतानाही. ते माझे होते. मी तिथे उभा असताना, श्वास घेत असताना, माझं यकृत निमूटपणे तेच घडवत होतं. सहा वर्षं मी ज्याच्याकडे बघत होतो, ते त्याहून कितीतरी आधीपासून माझ्यात राहायला होतं. बाहेर रखरखीत ऊन होतं आणि माझे दात वाजत होते. मी घाबरलो होतो.

जनुकाच्या तपासणीतही तेच निघालं. डॉक्टरबाईंनी समजावलं, “चौघांना एकत्र धरून ठेवणारं औषध आता आहे. पण ज्या नसा गेल्या त्या परत येत नाहीत. बहीण-भाऊ असतील तर लगेच सांगा.”

मला एक थोरली बहीण आहे, अक्का. याच शहरात, एचएसआर लेआउटमध्ये राहते. मी तिला लगेच सांगितलं नाही. आज सांगतो, उद्या सांगतो करत महिना घालवला. अण्णांच्या तिथीला ती येईलच, तेव्हा बोलू, अशी मनाची समजूत काढली. खरं तर माझी छाती होत नव्हती.

तिथीच्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात अक्का, हातात केळीची पानं, घामाघूम.

“अय्यो, काय रे हे ट्रॅफिक! स्वल्प पाणी दे आधी.” मग ती हसली. “आणि हे बघ, एक चप्पल ऑटोत राहिली वाटतं. अगदी अण्णांवर गेलेय मी. चिडव ना, गप्प का?”

तिचा उजवा पाय अनवाणी होता, धुळीने भरलेला. टाचेत काचेचा बारीक तुकडा रुतला होता, रक्त येऊन सुकलं होतं. मी तिला दाराशीच स्टुलावर बसवलं. खाली बसून तो पाय मांडीवर घेतला. ती समोरच्या भिंतीकडे, अण्णांच्या फोटोकडे बघत होती. “हार ताजा आणलास, सरी, बरं केलंस,” म्हणाली.

मी काच ओढून काढली. मग तिचा अंगठा दोन बोटांत धरून जोरात चिमटला, नख उमटेपर्यंत.

“अक्का, कळतंय का?”

“काय?” फोटोवरची नजर न काढता तिने विचारलं.