सायब बोलत्यात

"मी न्हाय बोलत. सायब बोलत्यात."

एवढं म्हणून ती डोक्यावरचा पदर सारखा करायची आणि नाकावर नसलेला चष्मा एका बोटानं वर सरकवायची. समोर बसलेल्या आमच्या बांधकाम अभियंत्यांचा हात तेव्हा आपोआप स्वतःच्या चष्म्याकडे निघायचा आणि अर्ध्या वाटेत थांबायचा. निम्मी सभा तिथंच हसायला लागे. नक्कल तर अजून सुरूही झालेली नसे.

तुम्ही कधी नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेला बसला असाल, तर कोपऱ्यात मान खाली घालून लिहिणारा एक माणूस तुम्ही पाहिला असेल. पाहिला नसेल याचीच शक्यता जास्त. तो मी. राहायला सोलापुरात आणि नोकरी एसटीनं तासाभराच्या अंतरावर, एका छोट्या नगरपरिषदेत सभा लिपिक म्हणून. गावाचं नाव लिहीत नाही. कोण काय बोललं आणि काय ठरलं ते इतिवृत्तात उतरवणं हे माझं काम. अक्षर चांगलं आहे, आणि त्याचा मला गर्व आहे, हेही सांगून टाकतो.

ती नगरसेविका झाली ती थट्टेथट्टेत. मूळची विडी कामगार. गल्लीतल्या बायका एका ओसरीवर सुपं घेऊन विड्या वळायला बसत, आणि तिथं हिचा खेळ चाले. विड्या तपासून वाईट त्या बाजूला टाकणारा कारखान्याचा चेकर, रेशन दुकानदार, शाळेचे हेडमास्तर, कुणी सुटत नसे. पुढं प्रभाग महिलांसाठी राखीव झाला आणि कुणीतरी म्हणालं, "आपली हीच उभी ऱ्हाऊ द्या की!" प्रचारात तिनं स्वतःचं भाषण केलंच नाही. समोरच्या उमेदवार बाईंचं भाषण मात्र रोज संध्याकाळी त्यांच्याच आवाजात करून दाखवलं. त्या उमेदवार बाईंच्या सासूबाई ते ऐकायला रोज येत असत. त्यांनी मत कुणाला दिलं ते मला ठाऊक नाही, पण निकालाच्या दिवशी हिच्याकडून पेढा मागून घेतला होता.

सभागृहात ती शेवटच्या बाकावर बसे. लांबलेल्या भाषणात तिची बोटं मांडीवर आपोआप हलत असायची, पान नाही, तंबाखू नाही, तरी विडी वळल्यासारखी. माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणे. ती मला भाऊसायब म्हणायची.

आमच्या सभेत एक ज्येष्ठ सदस्य होते. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, तीन वेळा निवडून आलेले. दुसऱ्याच सभेत ते उठले.

"अध्यक्ष महोदय, हे सभागृह हाय का तमाशाचा फड? नकला करायच्या तर गणपतीत करा. सरकारी कामकाजात हसवणाऱ्याचं काय काम?"

ती बसूनच म्हणाली, "हसवणारी मी एकलीच हाय व्हय हितं?"

त्यावर अध्यक्षही हसले. ज्येष्ठ सदस्य तेवढे हसले नाहीत, आणि मी. खरं सांगतो, मला त्यांचं म्हणणं पटलं होतं. सभा म्हणजे सभा. विषय, सूचक, अनुमोदक, ठराव. माझ्या आधीच्या लिपिकानं मला हाताखाली घेतलं तेव्हा पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, "विनोद लिहायचा नाही. कंसात 'हशा' लिहायचं आणि पुढं जायचं." मी तो नियम पंधरा वर्षं पाळला.

मग ती कड्यांची सभा आली.

तिच्या गल्लीत बायकांचं सार्वजनिक शौचालय होतं. दारं होती, आतून कड्या नव्हत्या. त्या दिवशी तिनं चष्मा वर सरकवला आणि अभियंत्यांच्या सुरात सुरू झाली. "ताई, कडी बसवायला तांत्रिक अडचण आहे. दार आहे का? आहे. चौकट आहे का? आहे. मग दार ओढून धरा ना." मग पदर पुन्हा सारखा करून स्वतःच्या आवाजात, "मग आमी धरतो. एक आत, एक भाईर. भाईरचीनं गाणं म्हणायचं, म्हंजी लोकांनी समजावं की आत माणूस हाय. आमच्या म्हातारीला येकच आरती येती, ती बी अर्दीच. त्यामुळं तिच्या पाळीला अर्द्या आरतीत उरकावं लागतं."

सभागृह फुटलं. पाणी देणारा शिपाईसुद्धा भिंतीकडं तोंड करून हसत होता.

"आन आमच्या गल्लीत येक पोरगी हाय," ती पुढं म्हणाली. "तिनं नवा उपास काढलाय. सोमवार म्हादेवाचा, गुरुवार दत्ताचा. हिचा रोजचा. पाण्याचा उपास. सकाळी पाणी न्हाय, साळंत न्हाय, घरी आली तरी न्हाय. सायबांनी इचारलं, बाळ, हा कुठल्या देवाचा? ती म्हणली, कडीदेवाचा. त्यो दाराला बसंपत्तूर पाणी घेणार न्हाय."

लोक बाकं बडवत होते. अध्यक्षांनी डोळे पुसले आणि पुढचा विषय पुकारला.

मी इतिवृत्तात लिहिलं, 'सदस्यांनी प्रभागातील शौचालयाबाबत विनोदी भाषण केले. (हशा)'. एक ओळ. मात्र माझ्या कच्च्या वहीत मी ते सगळं शब्दशः टिपलं होतं, ते कशासाठी तेही सांगतो. रात्री जेवताना बायकोला सांगायला. विनोद मी घरी नेला आणि हशा तेवढा दप्तरी ठेवला. बायको पोट धरून हसली. मग म्हणाली, "बसवल्या का मग कड्या?" मी म्हटलं, "आमटी वाढ."

पुढच्या सभेच्या सूचनेबरोबर मागच्या इतिवृत्ताची प्रत प्रत्येक सदस्याच्या घरी जाते. सहसा ती कुणी उघडत नाही. तिसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. हातात ती प्रत, घडी घातलेली.

"भाऊसायब, मी बोलले ते कुटं हाय ह्यात?"

मी ओळीवर बोट ठेवलं. तिनं ते वाचलं नाही, तिला ते आधीच पाठ झालेलं होतं.

"कड्या मागितल्याचं न्हाय ह्यात."

"ताई, तुम्ही मागणी अशी केली नव्हती. म्हणजे, रीतसर."

"तुमी हसला व्हता न्हवं?"

"हसलो होतो."

"मग कळलं व्हतं की तुमाला. कळल्याबिगर माणूस हसंल का?"

मी खुर्ची पुढं केली. ती बसली आणि कागदाची घडी उलगडत, घालत राहिली.

"मला वाचाया जड जातं. नात वाचून दावती," ती म्हणाली. "तिला म्हणलं, बघ गं, तुज्यासाटी काय काय बोलले सभंत. तिनं वाचलं. मग मला इचारलं, आज्जी, सगळी हसली व्हय?"

तेव्हा मला समजलं की पाण्याचा उपास करणारी पोरगी कोण होती. आठवीतली. कुणा टारगटानं एकदा बाहेरून दार ढकललं होतं. तेव्हापासून तिनं दिवसा पाणी पिणं सोडलं होतं. दोनदा शाळेत चक्कर येऊन पडली होती. आणि आता आजीशी बोलणंही सोडलं होतं.

"माजं त्वांडच असलं हाय, भाऊसायब. खरं बोलाया गेलं तरी नक्कलच भाईर पडती. नीट बोलले तर माजं कोण ऐकतंय? पण पोरीला काय सांगू?"

मी त्या दिवशी फार शरमलो. दुसरा शब्द शोधत बसत नाही. जे अक्षर मिरवत मी पंधरा वर्षं काढली, त्याच अक्षरात एका लेकरानं वाचलं होतं की आपल्या दुखण्यावर सगळं गाव हसलं.

मग मी तिला एक नियम सांगितला. इतिवृत्त पुढच्या सभेत कायम होईपर्यंत पक्कं नसतं. त्याआधी सदस्याला दुरुस्ती सुचवता येते. आमच्याकडं ती कुणी कधी सुचवली नव्हती. पहिला विषय पुकारला की चहाचे कप वाजत असतात आणि सगळे न बघताच 'कायम, कायम' म्हणतात.

त्या दिवशीही म्हणाले. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून आवाज आला, "कायम न्हाय. दुरुस्ती हाय."

ज्येष्ठ सदस्य लगेच उभे राहिले. "आता पुन्हा नकला ऐकायच्या का?"

अध्यक्ष म्हणाले, "बाई, नक्कल करायची नाही. मागच्या वेळी काय बोललात तेवढंच सांगा."

"मी न्हाय सांगत," ती म्हणाली. "भाऊसायब वाचत्यात."

माझा आवाज मुळात सपाट आहे. भावानं लग्नात मंगलाष्टक म्हणायला लावलं होतं, तर लोकांना वाटलं मी जेवणाची सूचना देतोय. मी कच्ची वही उघडली आणि वाचायला लागलो. "कडी बसवण्यास तांत्रिक अडचण आहे. दार आहे. चौकट आहे. दार ओढून धरावे." कुणी हसलं नाही. "एक बाई आत, एक बाहेर." कपांचा आवाज थांबला. म्हातारीची अर्धी आरती आली तेव्हा मागं कुणीतरी नाकातून हसल्यासारखं केलं आणि गप्प झालं. मी पोरीच्या उपासावर आलो. "सकाळी पाणी नाही. शाळेत नाही. घरी आल्यावरही नाही." मी वाक्य पुरं केलं आणि खाली बसलो.

अभियंत्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता.

मग ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं, आणि त्यांचा सूर वेगळा होता, "ही पोरगी कोण?"

तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं. "हाय येक. कुणाची का आसंना."

"पाणी पीत न्हाय?"

"न्हाय."

ते उभेच होते. "अध्यक्ष महोदय, ह्याला माजं अनुमोदन घ्या. आठ दिवसांत कड्या बसल्या पायजेत."

दुरुस्ती मंजूर झाली, ठराव झाला. सभा संपल्यावर ती माझ्या टेबलाशी थांबली. "भाऊसायब, तुमी लई वाईट वाचता की."

"हो ताई."

"बरं झालं. मी वाचलं असतं तर परत हसली असती सगळी." आणि दुरुस्तीची प्रत मागून घेतली, पदरात गुंडाळून घरी नेली.

कड्या आठ दिवसांत नाही, बाराव्या दिवशी बसल्या. मिस्त्री काम करत होता तोवर गल्लीतल्या बायका त्याच्याभोवती उभ्या होत्या म्हणे. दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम कचेरीत आली. "काल पोरगी तांब्या लावून घटाघटा पाणी प्याली. मी नुस्ती बगत बसले. मग मलाच म्हणली, आज्जी, तू बी पी की." एवढं सांगून डोळ्यांना पदर लावला आणि तशीच उठून गेली.

तिनं नकला सोडल्या असं समजू नका. पुढच्याच महिन्यात तिनं माझीच नक्कल केली, त्या सपाट आवाजासकट. ती मी माझ्या हातानं शब्दशः इतिवृत्तात लिहिली. मुख्याधिकारी म्हणाले, इतिवृत्त फार लांबायला लागलंय. मी म्हटलं, सभाच लांबते आहे, साहेब.

मग सभागृहाची मुदत संपली. निवडणुका लांबल्या आणि प्रशासक आले. प्रशासक म्हणजे एकाच माणसाची सभा. विषय तेच मांडत, मंजूर तेच करत. इतिवृत्त दोन पानांत आटपे आणि चूक निघत नसे. त्या काळात ती एकदोनदा कचेरीत डोकावली. रिकाम्या बाकांकडं पाहून म्हणाली, "लई शिस्त आलीया की."

तिची छाती जन्मभराच्या तंबाखूच्या धुळीनं भरलेली होती. सोलापूरच्या दवाखान्यात मी दोनदा भेटून आलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा खाटेवर दुसरंच कुणी होतं. मी जिन्यावर बसून रडलो. माझ्या वयाच्या माणसाला लोक काय म्हणतील, हे तेव्हा मनात आलं नाही.

यंदा निवडणुका झाल्या आणि नवं सभागृह बसलं. ज्येष्ठ सदस्य चौथ्यांदा निवडून आले. पहिल्याच सभेत दिवंगत माजी सदस्यांचा शोक प्रस्ताव होता. तिचं नाव मी वाचलं. दोन मिनिटांच्या शांततेसाठी सगळे उभे राहिले. प्रेक्षकांच्या बाकावर तिची नात होती. आता ती सोलापुरात नर्सिंगला आहे. मीच तिला कळवलं होतं.

अर्धं मिनिट गेलं असेल. ज्येष्ठ सदस्यांच्या खांद्यांना हिसका बसला. मला वाटलं, रडताहेत. त्यांनी रुमाल तोंडात धरला, पण आवाज बाहेर आलाच. त्यांना हसू आवरत नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसू थांबत नव्हतं. शेजारच्या जुन्या सदस्यानं त्यांना कोपर मारलं, आणि तोही फुटला. मग अभियंते. बघता बघता तिच्या ओळखीचा सगळा बाक हलायला लागला. तिला न पाहिलेले नवे सदस्य घाबरून एकमेकांकडं पाहत होते.

ही पोरगी बसलीय मागं. पुन्हा सगळे हसताहेत, आणि तेही आज. मी मान वळवली.

ती उभी होती. ओढणीचं टोक डोळ्यांवर दाबून, दुसऱ्या हातानं पुढचा बाक घट्ट धरून, ती आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त हसत होती.