कमानीतलं धनुष्य

मस्कतमधल्या आमच्या सुतारखान्यात काल कमानीच्या दारासाठी सागाची फळी पुढ्यात होती. एवढी रुंद फळी एकच उरलेली. ती वाया गेली तर मला घरी पाठवतील या धास्तीने हात धजेना. पेन्सिलीने काढलेल्या कमानीच्या बाकाच्या दोन टोकांना नेहमीसारखी दोरी ताणली आणि मधोमध दोरीपासून बाकापर्यंतची उंची मोजली. तिसऱ्यांदा मोजताना नकाशे काढणाऱ्या सुलभाताई थांबल्या.

“या दोरीला काय म्हणता, दादा?”

“दोरीच. सातवीत शाळा सुटली माझी.”

“गणितात ती जीवा, म्हणजे धनुष्याची दोरी. वरचा बाक चाप, म्हणजे धनुष्यच. आणि तुम्ही मोजताय ती उंची शर.”

“शर? बाण?”

“बाणच! आपल्या जुन्या गणितींनी ठेवलेली नावं.”

मी मान तिरकी करून फळीकडे बघतच राहिलो. वीस वर्षं मी धनुष्य ताणत होतो, आणि मला पत्ता नाही! वर्तुळाच्या तुकड्यात पहिल्यांदा धनुष्य दिसलं त्या माणसानेही अशीच मान तिरकी केली असेल. त्याचा शब्द एवढ्या परक्या मुलखात माझ्यापर्यंत पोचला. त्याला मनातच नमस्कार केला आणि चौथ्यांदा मोजलं. शर नऊ इंच, बरोबर. मग करवत चालवली.