खुळखुळ्याच्या किल्ल्या

शिवणकारखान्यातल्या मुकादमाला बाया पाठीमागे खुळखुळा म्हणत. त्याला ते ठाऊक होतं, आणि गंमत म्हणजे आवडतही होतं. कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा! निम्म्या किल्ल्यांची कुलुपं कधीच भंगारात गेलेली, पण आवाज भरदार येतो म्हणून पठ्ठ्यानं ठेवलेल्या. "मी जिन्यात असतो तोच मशिनी धावायला लागतात," असं घरी मिशीला पीळ देत सांगायचा.

एका संध्याकाळी ओट्यावरच्या दिव्याखाली त्यानं जुडगा खुळखुळवला, तर दिव्याभोवतीचा एक पतंग दगडासारखा टपकन खाली! दुसरा गिरकी घेऊन पसार.

"पाहिलंस? किडेसुद्धा मला वचकतात."

"तुम्हाला नाही हो बाबा," कॉलेजात शिकणारी लेक हसली. "वटवाघूळ शिकार हुडकताना फार बारीक आवाज काढतं, आपल्याला ऐकूच येत नाही. किल्ल्यांतही तसला आवाज असतो. पतंगाला वाटतं, आलं मरण! मग कुणी वळून पळतो, कुणी अंग टाकून देतो."

तोही हसला, पण जेवायला उठेपर्यंत त्या पडलेल्या पतंगाकडे पाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी जिन्यात तो खुळखुळला आणि आतलं बायांचं हसू कातरल्यासारखं तुटलं. दारातून पाहतो तर सगळ्या माना खाली, खांदे आखडलेले. इतकी वर्षं यालाच तो शिस्त म्हणत होता! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हणून तिसऱ्या दिवशी त्यानं जुडगा रुमालात गुंडाळला आणि पाय न वाजवता वर आला. आत गाणं चाललेलं, आणि काय गोड! तो दारातच ऐकत राहिला. तेवढ्यात एकीनं त्याला पाहिलं नि तिच्या हातून कात्रीच पडली.

काजं करणाऱ्या मावशी, सगळ्यांत वडील, तडकल्या, "अहो मुकादम, वाजत यायचात तेव्हा निदान सावध तरी व्हायचो. आता दबा धरून यायला लागलात?"

त्याचे कान तापले. "गाणं ऐकत होतो, मावशी."

"चोरून?"

"समोर कोण गाणार?"

त्यानं रुमाल उलगडून जुडगा मावशींपुढे ठेवला. "ह्या आता तुमच्याकडेच राहू द्या."

"आणि तुम्ही आल्याचं कळायचं कसं?"

"खोकत येईन."

कुणीतरी फिसकन हसलं. मान वर न करता तो जिना उतरला. खाली पोचतो न पोचतो तोच वर गाणं सुरू झालं. परत चढायचा धीर होईना. तो शेवटच्या पायरीवर टेकला आणि नेमका खोकला आला, तसा रुमाल तोंडात कोंबून बसून राहिला.