गायी उड्या मारणार होत्या

मंडळी, आज शनिवारी सकाळी आठ वाजता मी गोठ्यात गायींना सुका चारा घालत होतो. मिशिगनच्या हिवाळ्यानंतर आज त्या पहिल्यांदा कुरणात जाणार होत्या.

उपाशी गायीने कोवळं गवत हादडलं तर तिचं पोट फुगतं, जीवही जाऊ शकतो. त्या धास्तीने मी दोनदा चारा घातला. मग शंका नको म्हणून आणखी एकदा.

पहिल्या दिवशी गायी वासरांसारख्या उड्या मारतात. ते बघायला मीच जवळच्या नोव्हाय शहरातून चार मराठी कुटुंबं बोलावली होती. मालक देशमुखकाकांनी फाटक उघडलं, सगळ्यांनी फोन वर धरले. गायी सावकाश बाहेर आल्या, गवत हुंगलं आणि रवंथ करत बसल्या.

"अरे, पंगतीतून उठवून आणल्यास का यांना?" काका म्हणाले. मला तोंड कुठे लपवू असं झालं.

"दादा, आर दे ब्रोकन?" एका चिमुरडीने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ती कुरणात पळाली. तिच्यामागे बाकीची पोरं. हिवाळाभर घरात कोंडलेली ती पोरं अशी उधळली की गायी माना वळवून बघत राहिल्या.

सगळ्यांना व्हिडिओ मिळाले. एकाही गायीचं पोट फुगलं नाही.

आता तुम्हीच सांगा, पुढच्या वर्षी चारा कमी घालू की पोरं जास्त बोलावू?